दातांना दुसरा हात

पांढऱ्या रंगातलं मला कुणी काही शिकवू नये! रंगाच्या कारखान्यात शेड जुळवण्याच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली आहेत मी. तुम्हाला पांढरा एकच दिसतो, मला सतरा दिसतात. दुधाचा वेगळा, सायीचा वेगळा, चुन्याचा वेगळा, आणि भाडेकरू बदलताना घरमालक भिंतीला फासतो तो तर फारच वेगळा. कुणी नवा शर्ट घालून समोर आला की मी 'छान' म्हणत नाही, 'बारा नंबर' म्हणतो. बायकोच्या मते हा आजार आहे.

आता एवढा पांढऱ्याचा जाणकार माणूस, आणि त्याचे स्वतःचे दात मात्र आमच्या शेडकार्डातल्या 'जुनं हस्तिदंत'च्याही दोन घरं खाली! त्यात शाळेत असताना पैजेपायी दातांनी बाटलीचं झाकण उघडलं होतं, तेव्हा पुढच्या दाताचा कोपरा उडाला. पैज जिंकलो, पण तेव्हापासून तोंड उघडून हसणं बंद झालं. काही गंमत झाली की ओठ दाबायचे आणि नाकातून 'हं' करायचं. कारखान्यात मला 'कुलूप' म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात.

या महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. बायकोने स्टुडिओत जाऊन फोटो काढायचं ठरवलं. रविवार, सकाळी अकराची वेळ. मी 'हं' केलं. ती लग्नाचा जुना फोटो पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "या फोटोत जरा हसला असतात तर काय झालं असतं? मावशी तेव्हाच म्हणाली होती, मुलगा मनाविरुद्ध उभा केलेला दिसतोय. मी तेच खरं धरून चाललेय."

पंचवीस वर्षं! अहो, त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की ओठ मिटून ठेवता ठेवता जबडा दुखायला लागला होता. तुटका दात तिने पाहिला होता, पण त्याची मला लाज वाटते हे तिला कधी सांगितलंच नव्हतं. आताही मी फक्त 'हं' केलं. मग मी मनाशी ठरवलं, रविवारी बत्तीसच्या बत्तीस दाखवून हसायचं. दुसऱ्याच दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीहून फार तर चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी आधी विचारलं, दात कसे घासता? मी अभिमानाने करून दाखवलं, आडवं आणि दणादण! पत्र्याचा गंज काढायचा तर पॉलिशपेपर दाबूनच मारावा लागतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, त्या हिरड्या आहेत, पत्रा नाही. हलक्या हाताने, हिरडीकडून दाताकडे, दोन मिनिटं. सकाळी आणि झोपताना." मग तुटलेला कोपरा भरायला त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी काढली. तिथेही शेडकार्ड! मला माहेरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी एक रंग निवडला, मी म्हटलं अर्धा नंबर पिवळा हवा. वीस मिनिटं वाद झाला. शेवटी पट्टी खिडकीच्या उजेडात नेली आणि त्यांनी माझं ऐकलं.

कोपरा भरला, वर्षानुवर्षांचं कीटण निघालं, दात बऱ्यापैकी दिसायला लागले. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण निघताना बाईंनी चार गोळ्यांची पट्टी हातात ठेवली आणि काहीतरी समजावून सांगितलं. मी मान डोलवत होतो, पण लक्ष त्यांच्यामागच्या भिंतीकडे होतं. कुणा भामट्याने चीर न बुजवताच वरून रंग मारला होता. 'लाल होईल, घाबरू नका' एवढंच काय ते डोक्यात शिरलं.

रविवारी साडेनऊला मी आरशासमोर उभं राहून एक गोळी चावली. दात लाल! आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रायमर! लोखंडावर नाही का, आधी तांबडा प्रायमर मारतात? तो नीट वाळला की वर पांढरा असा बसतो की नाव नको. आता पांढरा आतून येणार की पट्टीतली शेवटची गोळी पांढरी निघणार, हा तपशील मी पुढे ढकलला. मला खटकत होतं ते वेगळंच. रंग एकसारखा बसला नव्हता. हिरडीपाशी दाट, मध्ये फिक्का. एका हातात काम भागत नाही, दुसरा हात द्यावाच लागतो, हे मी नव्या कामगारांना सव्वीस वर्षं सांगत आलोय. मी आणखी दोन गोळ्या चावल्या. चूळ भरायचा प्रश्नच नव्हता, ओल्या प्रायमरवर पाणी कोण मारतं? टेबलफॅन लावला, खुर्चीत मान मागे टाकली आणि तोंड उघडं ठेवून वाळायला बसलो.

तेवढ्यात मुलगी आली. तिला दिसले ते खुर्चीत आडवे झालेले वडील, लालभडक तोंड आणि कॉलरवर ओघळलेला लाल थेंब. "बाबा?" तिने विचारलं. मी दहा बोटं दाखवली, म्हणजे दहा मिनिटं थांब. तिला वाटलं मी हात जोडून निरोप घेतोय. तिने आईला हाक मारली, ती हाक शेजाऱ्यांनीही ऐकली. बायको एकाच कानात डूल घालून धावत आली. मागोमाग शेजारचे निवृत्त कंपाउंडर आले. त्यांनी माझी नाडी धरली, पाय उचलून स्टुलावर ठेवले आणि मी काही सांगायला गेलो की कपाळ दाबून म्हणायचे, बोलू नका, रक्त वाढेल. बायकोने माझा तळवा इतका घट्ट धरला होता की अंगठी रुतत होती.

मुलीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. बाईंनी एकच प्रश्न विचारला, गोळी चावली होती का? बायकोला बेसिनवर पट्टी सापडली. तीन कमी.

"काका, तो नुसता रंग आहे," बाई म्हणाल्या. "ब्रश केल्यावर एक चावायची. जिथे लाल होईल तिथे नीट घासलेलं नाही असं समजायचं आणि तेवढं घासून काढायचं."

कंपाउंडरांनी माझे पाय स्वतःच खाली ठेवले. "म्हणजे प्रायमर नव्हे?" मी विचारलं. "ब्रश घ्या, काका," बाई म्हणाल्या.

मग मी घासत सुटलो. बायको दारात उभी राहून 'हलक्या हाताने' म्हणत होती. वीस मिनिटांत लालाचा गडद गुलाबी झाला, त्यापुढे हटेना. ओठ आणि जीभ तर जशीच्या तशी! अकराला आम्ही स्टुडिओत होतो आणि मी पुन्हा कुलूप लावून बसलो होतो. फोटोग्राफरने तीनदा हसायला सांगितलं.

"राहू दे," बायको हळूच म्हणाली. "यांना माझ्याबरोबर नाही जमत."

ते मात्र मला सहन झालं नाही. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "अगं, दातामुळे. त्या दिवशी मी इतका खूश होतो ना, की ओठ सुटला असता तर तुटका दात सगळ्यांना दिसला असता. बाकी काही नव्हतं."

"एका दातासाठी?" ती म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. मग तिची नजर माझ्या गुलाबी तोंडावर गेली आणि ती फिस्सकन हसली. तिला हसताना बघून मीही सुटलो, सगळे दात उघडे टाकून, पंचवीस वर्षांचं साठलेलं! फोटोग्राफरने नेमकं तेव्हा बटण दाबलं. भला माणूस होता. म्हणाला, काळजी करू नका, कृष्णधवल करून देतो, लाल दिसणारच नाही.

लाल दिसत नाही हे खरं. पण लाल रंग कृष्णधवलात काळपट उतरतो, हे शेडच्या टेबलावरच्या माणसाला आधी सुचायला हवं होतं. ओठ, जीभ आणि दात एकाच अंधारात बुडाले. फोटोत माझ्या शेजारी बायको खदखदा हसतेय आणि मी साफ बोळका! मी दुसरा काढू म्हटलं, तर बायकोने ऐकलं नाही. तिने तो दिवाणखान्यात, दारासमोरच टांगला आणि लग्नातला फोटो कपाटात ठेवला.

परवा कारखान्याचे साहेब घरी आले होते. फोटोपुढे बराच वेळ थांबले. मी चहा पुढे केला आणि आता सवय झालीय म्हणून मोकळेपणाने हसलो. माझे दात आता सहा नंबर, म्हणजे सायीच्या रंगाचे आहेत, सकाळ-रात्र दोन-दोन मिनिटं, हलक्या हाताने. साहेबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि समाधानाने मान हलवली.

"कवळी छान बसलीय हो तुमची," ते म्हणाले. "अगदी खरी वाटते."

मी ओठ मिटले आणि नाकातून 'हं' केलं.