उलटी कार्डं

कोशकारांनी खण उघडला आणि ते मटकन खालीच बसले.

"खणांना हात कोणी लावला?"

"मीच," बायको म्हणाली. "धूळ किती होती, अहो! चारही हजार कार्डं पुसली. मधूनमधून काही उलटी खोचलेली होती, तीही सरळ केली."

शब्द कुठून आला, कोणत्या भाषेत त्याचा काय अर्थ, हे एकेका कार्डावर लिहिण्यात कोशकारांची तीस वर्षं गेली होती. खात्री असली की कार्ड सरळ, शंका असली की डोकं खाली. उलटं कार्ड छापायचं नाही. हा नियम त्यांनी येईल त्याला सांगितला होता, फक्त बायकोला सोडून.

"मग उलटी कोणती होती तेवढं आठव ना!"

"'साबण' होता. अरबांचा की पोर्तुगिजांचा, ठरत नव्हतं."

"आणखी?"

"आणखी तीनशे."

प्रकाशकाचा माणूस सोमवारी यायचा होता. चार दिवस दोघं सतरंजीवर बसली. ती वाचायची, ते ठरवायचे.

"चावी. पोर्तुगीज."

"सरळ. थांब, मी हे कुठे वाचलं होतं? उलटं ठेव."

"शिकस्त. फारसीत पराभव, आपल्याकडे प्रयत्नांची पराकाष्ठा."

"पराभवातून प्रयत्न कसे निघाले? उलटं."

"अहो, हे तरी राहू द्या!"

"उलटं म्हटलं ना!"

सोमवारी सकाळी शेवटचं कार्डही उलटं झालं. कोशकार भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"सांग त्याला, छापण्याजोगा एक शब्द नाही. तीस वर्षं पाण्यात."

बायको पदराने डोळे पुसत दाराशी गेली. तो माणूस पहिल्यांदाच आलेला, घाईत होता. त्याने पहिला खण ओढला आणि हसला.

"काकू, कार्डं उलटी भरलीत की सगळी!"

आणि त्याने गठ्ठेच्या गठ्ठे फिरवून सरळ केले. तिने तोंड उघडलं. भिंतीकडे वळलेली ती पाठ पाहिली आणि पुन्हा मिटलं.

वर्षाने कोश आला. इतका निःशंक ग्रंथ झाला नाही, असं सगळे म्हणाले. कोशकारांनी 'साबण' काढून वाचला. उठले आणि कोश फळीवर डोकं खाली करून ठेवला.

ती रोज फळी पुसते. कोश उचलते, धूळ झटकते आणि होता तसाच, उलटा ठेवते.