लंडनचा घोडा

"वाहन आहे ना? मग दसऱ्याला पूजा नको का?" असं म्हणत कुमुदिनीताईंनी दुकानातल्या लाकडी घोड्याच्या पांढऱ्याशुभ्र कपाळावर ओल्या हळदीचा पंजा उमटवला, त्यावर कुंकू दाबलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली.

त्यांचे यजमान दिनकरराव मागच्या खोलीतून बाहेर आले आणि मटकन खालीच बसले.

"अगं, काय केलंस हे! हा लंडनचा घोडा आहे!"

"मग? लंडनच्या घोड्याला दसरा नसतो?"

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधल्या बावेजा टॉय हाऊसमध्ये एकेकाळी संस्थानिकांची मुलं खेळणी घ्यायला येत. आता लोक येतात, किंमत विचारतात आणि तिथेच उभं राहून मोबाइलवर स्वस्तातलं मागवतात. शेवटी मालक राघव बावेजाने दुकान गुरुग्रामच्या एका कंपनीला विकायचं ठरवलं. सही आज संध्याकाळी, दसऱ्याच्या मुहूर्तावर होती. कंपनीला खेळण्यांशी काही देणंघेणं नव्हतं, तिला दुकानाचा इतिहास हवा होता. आणि इतिहास म्हणजे हा लाकडी घोडा. चौतीस साली तो लंडनहून जहाजाने निघाला, वाटेत तुफान आलं, त्यात त्याचा कान तुटला, ही कहाणी व्यवस्थापक दिनकरराव उभी हयात गिऱ्हाइकांना सांगत आले होते. ती सांगण्यासाठी कंपनी त्यांना ठेवून घेणार होती. नाहीतर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना दारात कोण उभं करणार?

"साबणाने जाईल हो," कुमुदिनीताई म्हणाल्या आणि कपडे धुण्याची पावडर कालवून घासू लागल्या. साबण लागताच हळद लालभडक झाली. घोड्याचं अख्खं तोंड रंगलं.

"अगं बाई, हा तर लाजला!"

"कुमुद, माझी नोकरी चाललीय आणि तुला विनोद सुचतायत?"

मग शेजारच्या रंगवाल्याकडून थिनर आणला. लाली गेली, पण तिच्यामागोमाग पांढरा रंगही गेला आणि कपाळाचं लाकूड उघडं पडलं. त्यावर काहीतरी छापलेलं होतं. दिनकररावांनी चष्मा पुसून पाहिलं. हिरव्या पानासकट एक आंबा होता आणि खाली लिहिलं होतं : सहारनपुर.

"अहो, लंडनला आंबे पिकतात?" कुमुदिनीताईंनी हळूच विचारलं. दिनकररावांनी चष्मा पुन्हा पुसला.

तेवढ्यात राघव कंपनीच्या क्षिप्रा मॅडमना घेऊन आत आला. मॅडम मूळच्या पुण्याच्या. घोड्यापुढे हात पसरून उभ्या राहिलेल्या दिनकररावांना त्यांनी अलगद बाजूला केलं आणि आंबा पाहिला.

राघवने कपाळाला हात लावला. "अब क्या छुपाना, मॅडम. दादाजी ने आम की पेटियों से बनवाया था. लंदन बोलने से ग्राहक आते थे."

दिनकररावांचा चेहरा उतरला. "बावेजाजी, मुझे कभी बताया नहीं?"

"आप इतने दिल से सुनाते थे, दिनकरजी. हिम्मत ही नहीं हुई."

आता व्यवहार मोडणार, असं वाटून कुमुदिनीताई देवाचं नाव घेऊ लागल्या. पण क्षिप्रा मॅडम खूश! "अरे यार, हे तर लंडनपेक्षा भारी आहे! आपल्या सुतारानं, आपल्या लाकडातून घडवलेलं! बिल्कुल असंच ठेवायचं, रंग लावायचा नाही." तिथल्या तिथे सही झाली, पेढे वाटले गेले.

"आणि काका, तुम्ही आमच्याकडेच," मॅडम म्हणाल्या. "फक्त कहाणी नवी सांगायची. चला, एकदा म्हणून दाखवा."

दिनकरराव घोड्याशेजारी उभे राहिले. घसा खाकरला.

"सन चौंतीस में, सहारनपुर से, ये घोड़ा..." ते अडखळले. कुमुदिनीताई पदराआडून मान हलवून त्यांना धीर देत होत्या. "...जहाज में बैठकर निकला."

"काका, सहारनपूरला समुद्र नाहीये."

"ठाऊक आहे हो मला," दिनकरराव काकुळतीला येऊन म्हणाले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. घोडा पुन्हा जहाजात चढला.

मॅडमनी राघवकडे पाहिलं, राघवने खाली पाहिलं. दिनकररावांना सगळं कळत होतं. पण मध्येच थांबायची त्यांना सवय नव्हती. डोळे पुसत त्यांनी तुफान आणलं, कान तोडला, आणि घोडा सुखरूप मुंबईच्या बंदराला लावूनच ते गप्प झाले.