खिडकीची बॅच

अंबादास सर वर्गाकडे पाठ करून शिकवतात. फळ्याकडे तोंड असतं म्हणून नव्हे. त्यांचं तोंड खिडकीकडे असतं.

आमच्या आयटीआयमध्ये ते इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतात. मी तिथे ऑफिसात कंत्राटी क्लार्क आहे. प्रवेशाच्या याद्या टाईप करते आणि शक्यतो कोणाशी बोलत नाही. यादीत नावं वीस. अर्ज मात्र इतके येतात, की प्रिंटर तापतो. चादरीचे कारखाने एकेक करून बंद पडले, तेव्हापासून बी.एस्सी. झालेली मुलंसुद्धा रांगेत असतात. ज्यांना जागा मिळत नाही ती घरी जातात. अंबादास सरांकडची जात नाहीत. ती खिडकीबाहेर उभी राहून वह्या भरतात.

प्राचार्यांनी एकदा विचारलं, “सर, आतल्या मुलांनी तुमची पाठच बघायची का?”

“आतल्यांना सीट हाय की साहेब. बाहेरच्यांना निदान तोंड तरी दिसू दे.”

आतली मुलं तक्रार करत नाहीत, कारण सरांचा आवाज शेजारच्या वेल्डिंग ट्रेडलाही अर्थिंग शिकवून जातो. आत कोणी डुलकी घेतली की सर न वळताच ओरडतात, “झोपायचंय तर बाहेर जा, बाहेरचा एक आत येईल!” त्यांना कसं कळतं कोण जाणे. बहुधा बाहेरचे खुणा करत असावेत.

खिडकीत सगळ्यांत पुढे होटगी गावची महादेवी असायची. वेटिंग नंबर एक, सलग दुसऱ्या वर्षी. एकदा आतल्या मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनेच बाहेरून दिलं.

“अम्मा, तुझं उत्तर आत आलं. तू कधी येणार?” सर लाडाने म्हणाले.

“यादीला विचारा की सर. ह्या खिडकीला गज नसते तर मी कवाच आत असते.”

सगळे हसले. यादी टाईप करणारी मी व्हरांड्यातून खाली मान घालून पुढे गेले.

सरांच्या निवृत्तीला महिना उरला होता तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, तुमी इंग्रजी शाळेच्या की. एक कडक अर्ज टाईप करा. माझे तीन मराठी अर्ज फायलीत झोपलेत. इंग्रजी म्हटलं की साहेब लोक निदान चष्मा तरी लावतात.”

मागणी साधी होती. दुसरी पाळी सुरू करा, आणखी वीस जागा द्या. निवृत्तीनंतर शिकवायला मी येईन, पगार नको.

“पगार का नको, ते लिहावं लागेल सर.”

“लिहा, घरी कोणी न्हाय.”

मी टाईप केलं. सरांनी स्क्रीनवरची ती ओळ वाचली. “ते खोडा. विद्यार्थ्यांचं हित, असं लिहा. आणि रविवारी पण येईन म्हणून लिहा.”

मंजुरी आली. नव्या यादीतलं पहिलं नाव मी टाईप केलं, तेव्हा माझ्या इंग्रजीचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा शाळेत बक्षीस घेतानाही वाटला नव्हता. महादेवीने नोटीस बोर्डावर आपलं नाव बोटाने चाचपून पाहिलं आणि तिथूनच ओरडली, “सर, आता तोंड आत फिरवा की!”

सर लई खूश होते. मंजुरीचं पत्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं. मग हळूच विचारलं, “रविवारचं काय म्हणतायत?”

“रविवार नियमात बसत नाही, सर.”

“बरं,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. तो स्वच्छच होता.

मी सहसा कोणाला काही विचारत नाही. त्या दिवशी विचारलं. “सर, रविवारी आमच्याकडे जेवायला याल का? शुक्रवार पेठेतच राहतो आम्ही. आई शेंगाचटणी आणि कडक भाकरी करेल.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“येतो की. टेस्टर घेऊन येतो. रिकाम्या हातानं कसं यायचं?”