कापडाच्या दुकानाचे जावई

माणसाला बोलता आलं पाहिजे, बाकी सगळं आपोआप जमतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मला बोलता येतं! शाळेत वक्तृत्वाची ढाल दुसऱ्या कुणाच्या वर्गात जायला घाबरायची. आमचे हे, म्हणजे श्यामराव, नेमके उलटे. भंडाऱ्याच्या बाजारातल्या सगळ्यात मोठ्या कापडाच्या दुकानात, बाबूलालशेठच्या दुकानात, ते लुगड्यांचा काउंटर सांभाळतात. दिवसभर गिऱ्हाइकांशी इतकं बोलतात, की घरी येईपर्यंत थान संपून नुसत्या चिंध्या उरतात. "जेवलीस? झोपली का पोर?" संपलं बोलणं!

तेव्हा तुमसरच्या नळाचं काम मलाच हाती घ्यावं लागलं.

त्याचं असं झालं. शेठजी तुमसरला दुसरं दुकान काढणार होते. तिथं जो प्रमुख म्हणून जाईल त्याला दुकानावरच दोन खोल्या, आणि आत नळ! घरात! मोरीत! आमची राणी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. दुकानामागच्या चाळीत, अंगणातल्या एकुलत्या एका नळावर, कुडकुडत रांगेत उभं राहून ज्यांनी लंगोट धुतले असतील, त्यांना माझं दुःख वेगळं सांगायला नको. राणी हसली, की मी जग विसरते. पण ती खुदकन हसते तीच मुळी नवा लंगोट भिजवल्यावर!

जागा एक आणि माणसं दोन : आमचे हे आणि मुनीम केशवराव. केशवराव शेठजींच्या कानाला लागलेले. ह्यांना तर स्वतःचा कानही खाजवायला संकोच वाटतो.

पण देवाला काळजी. शेठजी दर दिवाळीला गोरगरिबांना लुगडी वाटायचे. दुकानासमोर अशी रेटारेटी व्हायची, की मागल्या वर्षी शोकेसची काच फुटली आणि आतली मेणाची बाई डोकं सोडून रस्त्यावर आली. त्र्याऐंशी सालच्या दिवाळीआधी शेठजी राणीला बघायला आले, तेव्हा मी चहाबरोबर योजनाच पुढं ठेवली.

"शेठजी, लोकांना दारात कशाला बोलवायचं? आपणच जावं! पुलापलीकडं कारध्याला जाऊ. दुकानातल्या सगळ्यांनी आधी शाळेला चुना मारायचा, श्रमदान! मग मानानं लुगडी वाटायची."

शेठजींची बशी अर्ध्यात थांबली. "बहू, बात पसंत आली. तूच कर बंदोबस्त. नीट पार पडलं तर तुमसर श्यामरावचं."

ह्यांच्या घशात चहा अडकला. मला मात्र मोरीत पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला!

ठरल्या दिवशी मॅटाडोर भरून आम्ही कारध्याला गेलो. आता, कापड दुकानातली माणसं आणि चुना ही जोडी देवानं जमवलेली नाही. शर्टिंगवाल्यांनी भिंतीला हात लावून आधी पोत पाहिला. साड्यांवाल्यांनी चुन्याला वरून खाली अशी किनार काढली, की गावातली पोरं शाळेत जायच्या ऐवजी शाळा बघायला आली. केशवराव डोक्याला टॉवेल बांधून खुर्चीत बसले आणि श्रमदानावर देखरेख करून घामाघूम झाले. शेवटी गावातल्या बायांनीच पदर खोचले, "सरका भाऊ, तुमाले नाई जमत!" म्हणाल्या आणि बघता बघता शाळा पांढरी केली.

मग वाटप. केशवरावांनी माइक घेतला. घसा खाकरला. "गरीब व गरजू भगिनींनी दान स्वीकारण्यासाठी पुढे यावे!"

एकही बाई हलली नाही.

पहिल्या रांगेत सत्यभामाबाई बसल्या होत्या. गावात त्यांचा शब्द म्हणजे कोतवालाची दवंडी. त्यांनी शेजारी पाहिलं. "पंचफुले, ऊठ वो. तुले बलावून राह्यले."

"मले कायले? मी त रोज कामाले जातो. तूच असशीन गरीब!"

"माह्या घरी म्हैस हाये, म्हैस!"

"मंग म्हशीले दे म्हणा लुगडं!"

सगळा मांडव हसला. पण पंचफुला हसायची थांबली आणि जड पोट सावरत ठसक्यात म्हणाली, "दान घेतलं का हात खाली राह्यते, बाबूजी. आमी आत्ताच तुमच्या भिताडाले चुना लावला. दान कोनं केलं मंग?"

बरोबरच होतं की! शेठजींच्या कपाळावर घाम. केशवराव माझ्याकडं बघून असे हसले, जसं त्यांचं अंथरूण-पांघरूण तुमसरला पोचलंय. माझ्या डोळ्यांसमोर नळाची धार बारीक झाली, ठिबकायला लागली... मी राणीला कडेवर घेतलं, केशवरावांच्या हातातून माइक ओढला आणि सुरू झाले!

"बायांनो, चुकलं आमचं! हे दान नाही! आजपासून बाबूलालशेठचं दुकान म्हणजे तुमचं माहेर! हे लुगडं माहेरचं आहे. लेकींनो, हक्कानं घ्या!"

राणीनं माइक चाटला तेवढाच आवाज. मग सत्यभामाबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"माहेर म्हणून राह्यली तू? मांगं पलटशीन नाई ना?"

"नाही!"

"सारं गाव गवाह हाये हो!"

"असू द्या!" मी म्हटलं. त्या क्षणी त्यांनी सातबाऱ्यावर सही मागितली असती तरी मी दिली असती!

बाया उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, पसंतीला बसल्या! माहेरचं लुगडं ना? मग किनार नको का पाहायला? आमचे हे लुगड्यांमागून लुगडी उलगडत सुटले. सगळा गाव खूश, शेठजी खूश. मॅटाडोरमध्ये बसताना म्हणाले, "बहू, तुमसर पक्कं समज."

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग! मलाही तसंच वाटलं. पण आमच्याकडं मानलेलं नातं रक्ताच्या नात्याहून वाईट. रक्ताचं नातं निदान भांडून तोडता येतं.

भाऊबीज आली. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि दारातून आरतीची ताटं घेऊन कारध्याच्या बाया आत! पुढं सत्यभामाबाई.

"भाऊ कुठं हायेत आमचे? बसवा साऱ्याईले रांगेत!"

काउंटर सोडून सगळे विक्रेते गादीवर ओळीनं बसले. कुणी डोक्यावर रुमाल घेतला, कुणी घाईत ब्लाउजपीस. गिऱ्हाइकं तोंड वासून बघताहेत आणि भावांना ओवाळणं चाललंय! माहेरी रिकाम्या हातानं यायचं नसतं, म्हणून बहिणींनी टोपल्या आणलेल्या. शिंगाडे, पोहे, वांगी! शर्टिंगवर वांगी, सूटिंगवर शिंगाडे. लाखनीहून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "वांगी कशी दिली?" तर ह्यांनी सवयीनं मीटरपट्टी उचलली!

शेठजी हसले. त्या दिवशी तरी हसले.

मग गोदावरीबाई आल्या. एकट्या. बोचकं घेऊन. थेट गादीवर बसल्या.

"काय दाखवू ताई?" ह्यांनी विचारलं.

"काई नोको. नवऱ्यासंगं भांडन झालं. माहेरी आली मी. आता काई जात नाई!"

आणि खरंच गेल्या नाहीत! दुपारी गादीवर आडव्या झाल्या. गिऱ्हाईक आलं की झोपल्या झोपल्या सल्ला द्यायच्या, "तो हिरवा नोको घेऊ वो बाई, रंग जाते त्याचा!" संध्याकाळी त्यांचा नवरा देवाजी न्यायला आला. शेठजींनी सुटकेचा श्वास टाकला. पण देवाजी उंबऱ्याबाहेर थांबला.

"या ना, आत या," शेठजी म्हणाले.

"असा कसा येऊ? जावई हाओ ना मी!" देवाजी मिशीवर हात फिरवत म्हणाला. "पाय धुवाले पानी कुठं हाये?"

पाणी आलं. चहा आला. मग जावयाला रिकामं कसं पाठवायचं? सत्यभामाबाईंनी आधीच निरोप धाडला होता, की असं पाठवलं तर गावात माहेराची इज्जत जाईल. धोतर गेलं! आणि देवाजी ते धोतर नेसून अख्ख्या कारध्यात फिरला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सासऱ्यानं दिलं!"

पुढच्या आठवड्यात कारध्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी त्या गावाच्या जन्मात झाली नसतील. बायको पुढं, नवरा मागं, दोघं पुलावरून गप्पा मारत यायचे आणि दुकान दिसलं की तोंडं फुगवायचे! शेठजींना बाजारात लोक "काय सासरेबुवा?" म्हणायला लागले. दुकानातल्या माणसांनी धोतरांचे गठ्ठे माळ्यावर लपवले. केशवराव रोज शेठजींजवळ उसासे टाकायचे, "वहिनींनी बोलायच्या आधी जरा विचार..."

आमचे हे घरी येऊन म्हणाले, "शेठजी उद्या तुमसरचं सांगणार आहेत." एवढं मोठं वाक्य! त्यांना फार काळजी वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी मी राणीला घेऊन दुकानात हजर. शेठजी गंभीर. केशवराव नवा कोट घालून. शेठजींनी तोंड उघडलं, आणि दारात पंचफुला! पोट पुढं आलेलं, हातात गाठोडं, बरोबर कुणी नाही. भाऊबीजेला ती आली नव्हती, भांडणाला आली नव्हती, धोतर मागायला तिचा नवरा आला नव्हता.

"जयभीम वयनी," ती मला म्हणाली. चुन्याच्या दिवशीचा ठसका कुठंच नव्हता. "मालक नाकाडोंगरीच्या खदानीवर हाये. माय लहानपनीच गेली. पहिलटकरीन हाओ. डाक्टरीन बाई म्हणते, दवाखान्याजवळ राह्य." गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. "पहिलं बाळंतपन माहेरी असते ना?"

दुकानातल्या कात्र्या थांबल्या.

"बहू," शेठजी हळूच म्हणाले, "माइकवरचं बोलणं माइकवर राहिलं, असं सांगता येईल तिला. तू म्हणशील तसं."

म्हणजे निकाल माझ्याच हातात दिला! एक वाक्य बोलायचं होतं, 'अगं, तसं म्हणायची पद्धत असते,' एवढंच. इकडं केशवरावांचा कोट, तिकडं तुमसरची मोरी. मी पंचफुलाकडं पाहिलं. राणीच्या वेळी माझी आई महिनाभर उशाशी बसून होती. बाळ रडलं की माझ्या आधी ती उठायची. पंचफुलाच्या उशाशी कोण बसणार होतं?

बोलले काहीच नाही. राणीला ह्यांच्याकडं दिलं आणि पंचफुलाचं गाठोडं घेतलं. बाई गं, काय जड होतं! पोहे होते आत. माहेरी रिकाम्या हातानं कसं यायचं?

शेठजींनी चष्मा काढून पुसला. "लेक आली म्हणजे खोली पाहिजे," ते म्हणाले. आमच्या खोलीला लागून कापडाच्या गाठींची कोठी होती, ती त्यांनी दुकानातल्या माणसांना लावून तिथल्या तिथं रिकामी करवली. यावेळचं श्रमदान अगदी झकास झालं. खाट आली, शेगडी आली. गादी तर दुकानातलीच!

"आणि तुमसर?" ह्यांनी विचारलं. माझ्यासाठी विचारलं हो त्यांनी, सगळ्यांसमोर!

शेठजी म्हणाले, "तुमसर तुझंच होतं रे श्यामराव. पण लेक बाळंतपणाला आल्यावर घरची वहिनी गाव सोडून जाते का कुठं?"

केशवराव तुमसरला गेले. पत्रातून कळवतात, की नळाला पाणी फार जोराचं येतं. चांगलं आहे!

पंचफुलाला मुलगी झाली. काळीभोर, टपोऱ्या डोळ्यांची, आवाजानं आईवर गेलेली. राणी तिला बघून टाळ्या वाजवते. शेठजी सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन नातीचं तोंड बघतात आणि दर वेळी झबल्याचं कापड ठेवून जातात. पंचफुला भारी गुणाची, पडल्या पडल्या म्हणते, "वयनी, आना इकडं, मी धुतो लंगोट!"

पण बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीनं पाण्यात हात घालायचा नसतो हो! हे सत्यभामाबाईंनी कारध्याहून मुद्दाम येऊन मला बजावलंय. तेव्हा आता अंगणातल्या नळाच्या रांगेत मी दोन बादल्या घेऊन उभी असते.