आबांचे लाइव्ह पाहुणे

आमच्या शोरूममध्ये कॅमेऱ्याला पाणी विचारतात. गंमत करत नाहीये. रोज दुपारी लाइव्ह सुरू होतं, मी ठुशी हातात घेऊन 'नमस्कार मैत्रिणींनो' म्हणते, आणि डावीकडून एक गृहस्थ ट्रेमध्ये स्टीलचा पेला घेऊन फ्रेममध्ये शिरतात. ट्रे मोबाइलसमोर धरतात आणि म्हणतात, "उन्हातसून इलात. आधी पाणी घेवा." मग माणसाला पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबतात. तोवर मी ठुशी धरून उभी. पेला परत नेऊन ते पाणी ते मोगऱ्याच्या कुंडीत ओततात. तुळशीत नाही, कारण ते पाहुण्यांचं उष्टं.

हे आमचे आबा कांदळगावकर. बोरिवली पश्चिमेला आमचं इमिटेशन दागिन्यांचं शोरूम आहे. ठुशी, बोरमाळ, नथ, तोडे, सगळं सोन्यासारखं दिसणारं आणि चोरीला गेलं तरी झोप न उडवणारं. खाली शोरूम, वर पोटमाळ्यावर लाइव्हचा स्टुडिओ. तिथे मी गळ्यात एकावर एक हार घालून दोन तास न थांबता बोलते. हेच काम मी घरी इतकी वर्षं फुकट केलं, असं माझ्या आईचं म्हणणं आहे. आणि हे सगळं सुरळीत चालावं ही जबाबदारी आबांची. शेठनी त्यांना 'ऑपरेशन्स मॅनेजर' असं कार्ड छापून दिलंय. आबा मात्र आपलं काम दोनच शब्दांत सांगतात. "मी बघतंय."

आणि ते खरंच बघतात. नेट गेलं की आबा राउटरसमोर हात मागे बांधून उभे राहतात आणि त्याच्याकडे बघत राहतात. बटण नाही, वायर नाही, काही नाही. थोड्या वेळाने राउटर ओशाळून सुरू होतो. एसी गळायला लागला की एसीकडे बघतात. एकदा रिंग लाइट फडफडायला लागला तेव्हा मीच टेन्शनमध्ये म्हटलं, आबा, जरा बघा ना. तर म्हणाले, आज त्याचा मूड नाही, उगाच अपमान नको.

वर लाइव्ह चालू असताना खालचा आवाज वर जाऊ नये म्हणून त्यांनी पोटमाळ्यावरून खाली एक दोरी सोडलीय आणि तिच्या टोकाला देवघरातली घंटी बांधलीय. वरून दोरी ओढली की खाली घंटी वाजते, आणि खालचे सेल्समन ग्राहकांसमोर ओठांवर बोट ठेवतात. मग आख्खं लग्नाचं वऱ्हाड इस्पितळात आल्यासारखं कुजबुजायला लागतं. आणि कुजबुजत घासाघीस होत नाही हो. भाव पाडायला आवाज चढवावा लागतो, पर्स काखेत मारून दरवाज्यापर्यंत जावं लागतं. कुजबुजणारी बाई सांगितलेल्या भावात साज घेऊन जाते. म्हणून शेठनी ती घंटी अजून काढलेली नाही.

शेठ म्हणजे निशांत शेठ, माझ्याच वयाचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी आबा दारात उभे राहून गिऱ्हाइकाचं स्वागत करायचे. वडील गेले, गिऱ्हाइक मोबाइलमध्ये गेलं, आणि आबा त्याच्या मागोमाग पोटमाळ्यावर आले. फरक त्यांनी मानलाच नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात डोळ्याचं चित्र असतं आणि त्याशेजारी किती जण बघतायत तो आकडा. आबांच्या लेखी तेवढी माणसं समोर सतरंजीवर बसलेली असतात. पंखा कॅमेऱ्याकडे वळवलेला. कॅमेऱ्याला पाठ दाखवायची नाही. मी मध्येच जांभई दिली तर रागावतात, पाहुण्यांसमोर हे काय, म्हणून. आणि लाइव्ह बटण दाबून बंद करायचं नाही, कारण आलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी दार लावत नाही. आबा स्टँडसकट मोबाइल उचलतात, जिना उतरतात, रस्त्यापर्यंत येतात, "सांभाळून जावा, पुढे रस्तो खणलेलो आसा" असं सांगतात आणि मग बंद करतात. दोन तास घसा सुकवून माझा आकडा जेवढा चढत नाही तेवढा त्या जिन्यावर चढतो. लोक कमेंटमध्ये विचारतात, आबा, रिक्षा दिसतेय का?

शेठ मला नेहमी सांगायचे, अगं, ही माणसं नसतात, अंगठे असतात. भाजी फोडणीला टाकताना एका हाताने वर सरकवतात, त्यात आपण लागतो. मलाही तेच वाटायचं. एकदा आबांच्या कानावर ते गेलं. ते चिडले नाहीत. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले, "माणसा आसत ती. बोलावलंव तर येतली."

आणि त्यांनी बोलावलं. पुढच्याच आठवड्यात, मी चिंचपेटीचा मागचा हुक दाखवत असताना, आबा फ्रेममध्ये आले आणि हात जोडून सांगायला लागले. येत्या सोमवारी माझ्या घरी सत्यनारायण आहे, दुकानाला सुट्टी आहे, सगळ्यांनी सहकुटुंब यायचं. पुढे दहिसरच्या घराचा आख्खा पत्ता, इमारत, विंग, मजला, वॉचमनचं नाव. मी खालून त्यांचा सदरा ओढत होते. कमेंटचा तर पूर आला. प्रसाद सीओडीवर मिळेल का? शिपिंग फ्री? गुलाबी रंगात आहे का? एकीने विचारलं, दादा, पूजेची लांबी किती, गळ्याला बसेल ना?

शेठनी कपाळावर हात मारून घेतला. उद्या कोणी चोर येईल घरी, म्हणाले. आबा म्हणाले, येऊ दे, तोही प्रसाद खाऊन जाईल. आणि त्या दिवशीचा डोळ्याशेजारचा आकडा धरून त्यांनी केटररला शिऱ्याची ऑर्डर दिली.

मी हसले, खोटं कशाला बोलू? पण रविवारी मला राहवेना. कोणी आलं नाही तर आबांचं काय होणार? शेठना फोन केला तर तेही तोच विचार करत बसलेले. शेवटी आम्ही दोघं गेलो, निदान दोन टाळकी तरी दिसावीत म्हणून.

आबांचा टॉवर नवा कोरा. पूर्वी तिथे त्यांची चाळ होती. चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, आणि चावी मिळायच्या आधीच काकू गेल्या. मूलबाळ नाही. जुने शेजारी याच इमारतीत कुठल्या कुठल्या मजल्यांवर विखुरलेत, प्रत्येकाच्या दाराला आतून कडी. हे मला त्या दिवशी लिफ्टमध्ये वॉचमनने सांगितलं. आबांनी इतक्या वर्षांत एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

वर आलो तर दार सताड उघडं. हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, लिफ्टच्या दारापर्यंत मंडपवाल्याच्या खुर्च्या. सगळ्या रिकाम्या. सोवळं नेसलेले आबा पूजेला बसलेले, भटजी आरतीच्या घाईत, आणि स्वयंपाकघरात लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढ्या टोपात शिरा. आरती झाली. तीही आम्ही चौघांनीच म्हटली, आणि त्यातल्या दोघांना शब्द येत नव्हते. आबा म्हणाले, नाक्यावर ट्रॅफिक असेल. मग गॅलरीत जाऊन खाली बघून आले. मग परत गेले. आम्ही शिरा खात बसलो. भटजीही दक्षिणा घेऊन गेले.

दुपार झाल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि एक साठी उलटलेल्या बाई तरातरा आत आल्या. कपाळावर घाम, हातात पर्स, डोळ्यांत आग. आबा धावलेच. बाईंनी त्यांना बोलूही दिलं नाही की स्वतः बसल्या नाहीत. पर्समधून कानातल्यांची डबी काढली आणि उभ्याउभ्याच सुनावलं. "मी साळवी, नाहूरहून आले. तुमच्याकडून घेतलेल्या कुड्यांचा खडा पहिल्याच दिवशी पडला. मेसेज करून थकले, कोणी उत्तर देत नाही. त्या दिवशी पत्ता दिलात, म्हटलं, आता सोडते की काय!"

मेसेजना उत्तर द्यायचं काम माझं आहे. मी शिऱ्यात मान घातली.

आबांच्या चेहऱ्यावर मात्र जो आनंद पसरला तो सांगता येत नाही. तक्रार करायला का होईना, नाहूरहून दोन रिक्षा आणि एक बस बदलून जिवंत माणूस आलं होतं. त्यांनी बाईंना पंख्याखाली बसवलं, तीर्थ दिलं, प्रसादाची बशी हातात ठेवली. देवाचा प्रसाद हातात आला की भांडता येत नाही. साळवीबाई मुकाट्याने खायला लागल्या. खाताखाता त्यांनी त्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, पॅसेजपर्यंत. मग टोपाकडे बघितलं. मग विचारलं, घरात कोण कोण असतं?

"मी एकटोच," आबा म्हणाले.

बाईंनी बशी खाली ठेवली. त्यांचंही तसंच होतं म्हणे. मुलगा दुबईला, आणि आता महिन्यातून एकदा फोन. एवढंच बोलल्या, आणि मग पदर खोचून म्हणाल्या, हा शिरा काय देव खाणार आहे? आणि खरं सांगते, पुढचा तासभर त्या बाईंनी आबांना मजल्यामजल्यावर फिरवलं. मी टोप धरलेला, शेठ द्रोणांची चळत धरलेली, आणि साळवीबाई परक्या इमारतीतल्या बेला हक्काने दाबतायत. दारं उघडत गेली. "अगो बाई, कांदळगावकर! तुम्ही इथेच असता?" हे आम्ही किती दारांत ऐकलं. सातव्या मजल्यावरच्या एक आजी आबांना बघून रडल्याच, आणि मग आबाही. वर परतलो तेव्हा आमच्यामागून माणसं यायला लागली होती आणि खुर्च्या भरत होत्या.

या गर्दीत साळवीबाई निघाल्या तेव्हा त्यांना कुड्यांची आठवण झाली. आबांनी चष्मा चढवून कुडी पाहिली. सुटलेला खडा डबीतच होता. असले खडे आबा गप्पा मारतामारता बसवतात, चिकटवायची नळी त्यांच्या खिशात कायम असते. त्या दिवशीही, पूजेनंतर चढवलेल्या सदऱ्याच्या खिशातून ती डोकावत होती, मला दिसत होती.

आबांनी कुडी उजेडात धरली. इकडून पाहिली, तिकडून पाहिली. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हेका आठ दिस लागतले. पुढल्या सोमवारी येवा."

मी तोंड उघडणार एवढ्यात शेठनी माझ्या पायावर पाय दिला.

साळवीबाईंनी त्या खिशाकडे एकदा पाहिलं. मग डबीतली दुसरी कुडी काढून आबांच्या तळहातावर ठेवली. "हिचाही खडा हलतोय असं वाटतं," त्या म्हणाल्या. "पण एकदम दोन्ही करू नका हो. ही त्याच्या पुढच्या सोमवारी दिलीत तरी चालेल."