अजबखान्यात जनाना

प्रवासाची आखणी करावी तर मीच! हे मी म्हणत नाही, सगळं ताडकळस म्हणतं. निदान माझ्या किराणा दुकानात टेकलेली माणसं तरी म्हणतात.

मेव्हण्याची, नागप्पाची, सोयरीक ठरून सुपारी फुटायची होती. नवरीची साडी आणायला सासूबाई बसम्मा, बायको शांतम्मा आणि मी हैदराबादेत गेलो. साडी सकाळीच मिळाली. सुपारी परवा होती आणि सासुरवाडीची, चुडाव्याकडची गाडी संध्याकाळी.

"तवर अजबखाना बघू," मी म्हणालो. "चित्रं डावीकडं, मूर्ती उजवीकडं, पाण्याचा नळ मागच्या अंगणात. मी समदी चौकशी केलीय."

कुठल्या दिवशी जायचं, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"आज जनाना है, मियाँ," फाटकावरचा दरवान म्हणाला. "मर्दों को मनाई."

"काय म्हनतो?" सासूबाईंनी विचारलं.

"आज फकस्त बायांना सोडतेत."

"मग तुमी बसा, जावईबापू. आमी येताव बघून."

दोघी माहेरी निघाल्यासारख्या आत गेल्या. मी साडीचं गाठोडं मांडीवर घेऊन पायऱ्यांवर बसलो. इमारत एवढी लांब, की तिकडच्या टोकाची माणसं मुंग्यांएवढी दिसत. सावली सरकली की मी सरकायचो. दुपारपर्यंत पायरीचं हे टोक ते टोक करून झालं. बाया आत जात होत्या, बाहेर मात्र एकही येत नव्हती.

"आमच्या बायांना बोलवा की. गाडी सुटंल," मी दरवानाला म्हणालो.

"मैं बी मर्दच हूँ, मियाँ."

शेवटी आतल्या झाडूवालीला गाठलं. "शांतम्माला सांगा, गाडी सुटायलीय." ती गेली आणि एका शांतम्माला घेऊन आली. ती रायचूरची निघाली. बिचारीची गाडी दुसऱ्या दिवशी होती, तरी घाबरून ती स्टेशनाकडं पळाली.

अजबखाना बंद होताना इमारतीला वळसा घालून आमच्या दोघी आल्या. जनान्याच्या दिवशी बायांना मागच्या दारानं बाहेर सोडतात.

"कवाच्यान नळापाशी बसलाव," शांतम्मा म्हणाली. "तुमचाच पत्ता न्हाई."

गाडी गेली. रात्र धर्मशाळेत काढली. डासांनी मला झोपू दिलं नाही. सकाळी शांतम्माला माझी दया आली.

"आज मर्दांना सोडतेत. जावा, बघून या. आमी फाटकापशी बसताव. पन लवकर या, आजची गाडी चुकली तर सुपारी गेली."

मी आत गेलो. पहिल्याच दालनात भिंतभर मोठं चित्र आणि त्याच्यासमोर लांबलचक शिसवी बाक. उंच खिडक्यांतून वारा येत होता. म्हटलं, जरा पाठ टेकावी, मग सावकाश बघू.

घंटा वाजवत आलेल्या शिपायानं मला हलवलं, तेव्हा खिडकीत ऊन उरलं नव्हतं.

बाहेर शांतम्मा रडवेली झाली होती. "दरवानाला तीनदा आत धाडला. येऊन म्हनायचा, साहेब एकच तस्वीर बघायलेत, लय शौकीन मानूस, हटकनं बरं न्हाई."

आम्ही चुडाव्याला उतरलो तेव्हा सुपारी फुटून पाहुणे परतले होते. शेजारच्या धुरपताबाईंच्या साडीवर भागवलं म्हणे. पोराच्या सुपारीला आईच नव्हती. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत; काही सांगायचं झालं तर शांतम्माकडं बघून सांगतात.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "सिद्धलिंगअप्पा, कसा हाय हो अजबखाना?"

"बाक चांगला हाय," मी सांगतो. "पाठीला टेका हाय."