बारीक गॅसवरचं बटरफ्लाय

आमच्या आत्या पोहतात ते गॅसच्या आचेवर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय त्रेसष्ट. शर्यत चारशे मीटरची मिडले, म्हणजे बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्ट आणि फ्रीस्टाइल, प्रत्येकी शंभर मीटर, सगळं एका दमात. पोहायला शिकवणाऱ्या सरांनी कुठल्या फेरीला किती सेकंद याचा तक्ता दिला. आत्यांनी तो घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि स्वतःचा तक्ता मला ऐकवला, "बटरफ्लाय बारीक ग्यासवर. पाठीवरचं बी बारीकच. ब्रेस्टला मध्यम. आन शेवटच्या शंभराला काय जाळ घालायचा त्यो घाल. आधीच दूध उतू घालवलं तर च्याला काय ऱ्हातंय?"

मी तो सरांना सांगितला, तर सर हसले. मग घड्याळ लावून बघितलं, आणि हसायचे थांबले.

"जाळ कमी कर" हे त्या सगळ्यांनाच सांगतात. रिक्षावाल्याला सांगतात, फौजेतून फोन करून साहेबांवर चिडचिड करणाऱ्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगतात, आणि मला तर दिवसातून दहादा. कारण मी भित्री आहे. लपवत नाही मी. माझं माहेर सांगलीत नदीजवळ. एका पुरात पाणी जिना चढत होतं आणि मी वर बसून उरलेल्या पायऱ्या मोजत होते. तेव्हापासून भरलेल्या बादलीशीही मी बेतानंच वागते. आणि अशा बाईला आत्या रोज सकाळी पोहण्याच्या तलावावर ओढून न्यायच्या. काम काय, तर फेऱ्या मोजायच्या. फेऱ्या आठ! आठापर्यंत मोजायला त्यांना माणूस लागतो होय? मी आपली भिंतीला पाठ लावून, पाण्यापासून चांगलं दहा हात लांब उभी राहायचे. त्यांचं डोकं पाण्याखाली गेलं की माझा जीव टांगणीला, वर आलं की मी श्वास घेणार.

आत्या वाळवा तालुक्यातल्या. उसाच्या रानातल्या विहिरीत लुगड्यावर पोहायला शिकलेल्या. त्यामुळे एक खोड जाता जाईना. बटरफ्लाय आणि ब्रेस्टमध्ये तलावाच्या भिंतीला दोन्ही हात एकदम टेकवावे लागतात, नाहीतर शर्यतीतून बाद. आत्यांचा एकच हात भिंतीला. दुसरा डोक्यावर, पदर सावरायला. अहो, डोक्यावर रबरी टोपी, पदराचा पत्ता नाही, पण काठावर कुणी पुरुष माणूस दिसला की हात गेलाच. शेवटी सर बिचारे खांबाआड उभे राहून शिकवायला लागले. ती सवय मोडायला दोन महिने गेले.

गावाकडे भावकी म्हणत होती, म्हातारीला चळ लागलाय. ते त्यांच्या कानावर आलं होतं. "एकदा पदक गळ्यात घालून देवळापर्यंत चालत जाते, मग बघू," एवढंच म्हणाल्या. साठीच्या पुढच्या बायकांत त्यांचं एकटीचंच नाव होतं. शर्यत पुरी केली आणि बाद झाल्या नाहीत, की पदक त्यांचं.

स्पर्धा साताऱ्याला होती. नवरा फोनवर म्हणाला, "आईला सांभाळ." आता पाण्यात कशी सांभाळू?

नाव पुकारण्याआधी आत्या बाकावर बसल्या होत्या. मी टॉवेल द्यायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात गारठलेला. विहिरीच्या पायरीवरचा साप काठीनं बाजूला सारून उडी मारणारी ही बाई, आणि माझं मनगट सोडेना.

"सुरेखा, पाठीवरचं न्हाई जमायचं गं मला."

"अहो आत्या, रोज तर पोहता."

"पवते. पर लय भ्या वाटतंय. विहिरीत पाठीवर पडलं की वर काठावर तुझं मामा दिसायचं. मोटर बघतोय म्हणायचं. मोटर कवाच बंद झालेली असायची. आता वर बघितलं की नुसतं आभाळ. माणूसच न्हाई. म्हणून तुला आणत हुते रोज. पर तू तिकडं भिंतीला."

मामा म्हणजे माझे सासरे. ते जाऊन तीन वर्षं झाली. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

बटरफ्लाय झालं बारीक गॅसवर. दोन्ही हात भिंतीला, दोन्ही वेळा. मग आत्या पाठीवर वळल्या, पाच-सहा हात मारले आणि थांबल्या. मान उचलून इकडे तिकडे बघायला लागल्या, पाय खाली जायला लागले. मला वाटलं, संपलं.

मी काठावर कशी पोचले मला ठाऊक नाही. त्यांची लेन कडेचीच होती. ओल्या फरशीवरून, पाण्यापासून वीतभर अंतरावरून मी चालायला लागले. पाण्याकडे बघितलंच नाही, फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी मला बघितलं, आणि हात पुन्हा फिरायला लागले. मी त्यांच्यासोबत त्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी ओरडलं. मी थांबले नाही.

पुढचं ब्रेस्ट मध्यम आचेवर, पदर न सावरता. शेवटच्या शंभराला त्यांनी असा जाळ घातला की तरणी पोरंही उठून टाळ्या वाजवायला लागली.

मग पंच मुलगी कागद घेऊन आली. फार हळू बोलली बिचारी. काठावरून सोबत चालून पोहणाऱ्याला वेग दाखवणं नियमात बसत नाही. आजी बाद.

दोन महिने खपून त्यांनी डोक्याला हात लावायचं सोडलं, आणि माती केली ती मी. मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि रडायलाच लागले. "आत्या, माझ्यामुळं पदक गेलं. आता गावात कशा जाणार तुम्ही?"

त्यांनी मान वाकडी करून कानातलं पाणी झटकलं, टॉवेलाचं कोरडं टोक शोधलं आणि माझं तोंड पुसलं.

"जाताना बी दिसत हुतीस," त्या म्हणाल्या, "आन येताना बी."